आजोबांच्या ताटातला मासा

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला घेऊन मुलगा किंवा सून दवाखान्यात आली, की तक्रार कोणतीही असो, मी एक प्रश्न विचारतोच: यांनी काल दिवसभरात काय काय खाल्ले? उत्तर बहुधा ठरलेले असते. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी अर्धी भाकरी आणि पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री मऊ खिचडी नाहीतर दूधभात. ‘‘वयाच्या मानाने ठीक आहे ना, डॉक्टर?’’ असे घरचे विचारतात. त्यावर मी रुग्णाला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवायला सांगतो. कित्येकांना ते जमत नाही. आणि जमत नाही हे घरात कोणाच्या लक्षातही आलेले नसते, कारण उठताना हात द्यायला कोणीतरी जवळ असतेच.

वयाबरोबर स्नायू झिजतात. पायांतले बळ जाते, तोल सुटतो, आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. ही झीज पूर्णपणे थांबवता येत नाही, पण रोजची हालचाल आणि पुरेशी प्रथिने यांच्या साहाय्याने तिचा वेग पुष्कळ कमी करता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वृद्धांनी १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जावे, असे अनेक आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या आजोबांना दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत. वर वर्णन केलेल्या ताटात सगळे मिळून २० ग्रॅमच्या आसपास भरतात.

यानंतरचा माझा प्रश्न असतो: घरात मासे होतात का? ज्या घरांत होत नाहीत त्यांना मी डाळी, दही, शेंगदाणे, अंडी चालत असल्यास अंडी, असे दुसरे मार्ग सांगतो. कोणाच्या श्रद्धेत हात घालणे हे वैद्याचे काम नव्हे. मला खटकते ते दुसरेच उत्तर. ‘‘होतात की, दर रविवारी होतात. पण बाबांना देत नाही.’’ का देत नाही, याची कारणे तीन. काटा अडकेल, मासा उष्ण पडेल, आणि चांगली मासळी महाग असते. आजचा लेख या तीन कारणांसाठी आहे.

शेवटच्या कारणापासून सुरुवात करतो.

चांगली मासळी म्हणजे पापलेट आणि सुरमई, असे समीकरण आपल्या छत्रपती संभाजीनगरातही पक्के बसले आहे. पाहुणे आले की पापलेट. वास्तविक आपले शहर मुंबईच्या किनाऱ्यापासून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आत आहे. समुद्रातली मासळी आपल्यापर्यंत बर्फात, ट्रकने, दोन-तीन हातांतून येते आणि त्या प्रत्येक हाताचा खर्च आपण भरतो. तो भरूनही ती किती दिवसांची आहे, हे आपल्याला कळत नाही. त्यातच १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत येथे दिसणारे पापलेट शीतगृहातले तरी असते किंवा आणखी दुरून आलेले तरी.

याउलट शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठणचा नाथसागर आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. शेतीसाठी बांधलेल्या या जलाशयाने आपल्या नळाला पाणी दिले, तशी ताटाला मासळीही दिली. रोहू, कटला आणि मृगळ हे मोठे गोड्या पाण्यातले मासे, सायप्रिनस, जाळ्यात हमखास सापडणारी चिलापी, आणि गोदावरीची मूळची रहिवासी म्हणावी अशी मरळ, वाम आणि शिंगाळा. पहाटे जाळ्यातून निघालेला मासा दुपारच्या आत शहरात पोहोचू शकतो. ताजेपणात त्याची बरोबरी साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेला मासा करू शकत नाही.

आणि प्रथिने? शंभर ग्रॅम रोहूच्या मांसात साधारण १७ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. पापलेटातही जवळपास तितकीच. शरीराला माशाची प्रतिष्ठा कळत नाही. शिवाय माशाचे मांस मटणापेक्षा मऊ, तंतू आखूड. दात उरले नसले तरी हिरड्यांनी चावता येते आणि लवकर पचते. त्यातून ब-१२ हे जीवनसत्त्वही मिळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होण्याची शक्यता असते. हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो, आणि घरचे ‘वयच झाले’ म्हणून गप्प बसतात. अशांच्या ताटात मासा आला तर चांगलेच, मात्र रक्ततपासणीला तो पर्याय नाही.

गोड्या पाण्यातले मासे एका बाबतीत उणे पडतात, हेही सांगायला हवे. हृदयाला उपकारक मानली जाणारी ओमेगा-३ नावाची स्निग्धाम्ले त्यांच्यात कमी असतात. ती भरपूर असतात बांगड्यात आणि तारलीत. म्हणजे समुद्राच्या सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी मान असलेल्या मासळीत. पापलेटापेक्षा बांगडा या बाबतीत सरस आहे, हे ऐकून माझे रुग्ण हसतात. आपल्याकडची जवसाची चटणी याच जातीचे एक स्निग्धाम्ल देते, पण शरीर त्याचे रूपांतर फार थोड्या प्रमाणात करू शकते. चटणी जरूर खावी. ती बांगड्याची जागा घेत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा असतो. आठवड्यातून दोनदा मासा, प्रत्येक वेळी शिजवलेले मांस साधारण ८५ ते १०० ग्रॅम, म्हणजे काटे वगळून तळहाताएवढा तुकडा. एकदा नाथसागरातला ताजा मासा, एकदा बांगडा. पापलेट, सुरमई सणावारी. मोठ्या, दुसऱ्या माशांना खाऊन जगणाऱ्या समुद्री माशांत, उदाहरणार्थ मुशीत, पारा अधिक साठतो. म्हणूनही लहान मासळी बरी.

भावाची तुलना करताना एक चूक सर्रास होते. अख्खा मासा घेतला तर डोके, खवले, आतडी आणि काटे वजा जाता खाण्याजोगे मांस साधारण निम्मे उरते. डोक्यासह कोळंबी घेतली तरी तेच. म्हणून बासाचे बिनकाट्याचे गोठवलेले तुकडे किलोमागे महाग वाटले, तरी खाण्याजोग्या मांसाचा भाव काढून पाहावा; कधी कधी हिशेब उलटा निघतो. मात्र त्या पाकिटातल्या बर्फाचेही पैसे आपण देत असतो. वितळल्यावर एकदा वजन करून पाहा, म्हणजे पुढच्या वेळी कोणत्या दुकानातून घ्यायचे ते ठरवता येईल. बासात ओमेगा-३ अगदी थोडे, चवही बेताची; पण काटा नाही आणि प्रथिने आहेत. वृद्धांच्या घरी मी त्याला नाक मुरडत नाही.

एका माशापासून मात्र दूर राहा. थाई मांगूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी जातीच्या मांगुराच्या पालनावर देशात बंदी आहे. त्याला अनेकदा सडके मांस घालून वाढवतात आणि तो नदीत सुटला तर आपल्या देशी माशांचा फडशा पाडतो. कोणी ‘स्वस्तात मांगूर’ म्हणून पुढे केला तर घेऊ नका.

आता बाजारात जाऊ. शक्य असेल तर आजोबांना बरोबर घेऊन जा. नदीकाठच्या गावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना कल्ला उचलून पाहायला शिकवावे लागत नाही, आणि घरात आपले मत विचारले जाते, ही भावनाही भूक वाढवते. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. डोळा फुगीर आणि पारदर्शक हवा. आत बसलेला, दुधाळ डोळा म्हणजे शिळा मासा. कल्ले लालभडक हवेत, तपकिरी किंवा राखाडी नकोत. बोटाने दाबल्यावर खळगा पडून राहता कामा नये. पोट फुटलेले नसावे. ताज्या माशाला पाण्याचा, शेवाळाचा वास असतो. आंबूस किंवा नाकाला झोंबणारा वास आला की पुढे चालू लागा, भाव कितीही उतरवून दिला तरी. कापलेले तुकडे घेण्यापेक्षा अख्खा मासा पसंत करून समोर कापून घ्यावा. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते, म्हणून ती पाण्याबाहेर बराच वेळ जगते आणि बऱ्याचदा जिवंतच विकली जाते. तिथे ताजेपणाचा प्रश्नच उरत नाही. ती महाग पडते खरी, पण तिच्यात काटे कमी. आजारातून उठलेल्यासाठी अधूनमधून घ्यायला हरकत नाही.

मासळी ही खरेदीतली शेवटची वस्तू असावी. आपल्याकडचे ऊन चाळिशीच्या पुढे जाते. भाजी, किराणा, बँक असे करत मासा दोन तास पिशवीत फिरवू नये. स्टीलचा डबा आणि विक्रेत्याकडून मूठभर बर्फ, एवढी तयारी पुरते. बांगड्याच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. बांगडा, तारली, कुपा या माशांचे मांस उष्णतेत राहिले की त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. मग मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, धडधडते, जुलाब होतात. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात आणि जन्मभर मासा सोडतात. खरा दोष साठवणुकीचा असतो. हे द्रव्य एकदा तयार झाले की शिजवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे ‘चांगला उकळून घेतला’ हे येथे उपयोगी पडत नाही. फ्रिजमध्ये कच्चा मासा एक, फार तर दोन दिवस. वीज वारंवार जात असेल तर ज्या दिवशी आणला त्याच दिवशी शिजवावा. गोठवलेला मासा ओट्यावर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवावा.

काट्याच्या भीतीविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ती खोटी नाही. वरची कवळी लावणाऱ्यांची टाळू कवळीखाली झाकलेली असते. आपल्याला घासातला काटा जाणवतो तो जीभ आणि टाळू यांच्यामध्ये. कवळीवाल्यांना तो जाणवतच नाही आणि सरळ घशात जातो. त्यात मोतीबिंदूमुळे दिसत कमी असते. म्हणून पहिला नियम मासा निवडण्याचा. मरळ, वाम, शिंगाळा यांना मधला कणा सोडला तर बारीक काटे कमी असतात. चिलापीचेही काटे मोठे, चटकन दिसणारे आणि भावाने ती सर्वांना परवडणारी. रोहू, कटला, मृगळ यांच्या पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात मात्र इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक, दुफाटी काटे लपलेले असतात. या माशांचा पोटाकडचा तुकडा वृद्धांना द्यावा. तिथे फक्त बरगड्यांचे लांब काटे असतात आणि ते बोटांनी सहज ओढून काढता येतात. शेपटीकडचे तुकडे घरातल्या तरण्यांनी खावेत. आपल्याकडे उलट होते. मोठा, मांसल म्हणून पाठीचा तुकडा प्रेमाने आजोबांना वाढला जातो.

दुसरा नियम वाढण्याचा. मासा रात्री न करता दुपारी करावा, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या ताटलीत. मासा आणि भाकरीचा कुस्करा एकत्र करू नये. रश्शात चुरलेल्या भाकरीत काटा असा दडतो की सुनेच्या चष्म्यालाही दिसत नाही. आधी नुसता मासा, सावकाश, गप्पा आणि टीव्ही बंद ठेवून. मग गाळलेल्या रश्शात हवा तेवढा कुस्करा. ज्यांना पक्षाघातानंतर गिळायला त्रास होतो, पाणी पितानाही ठसका लागतो, त्यांना काट्याचा मासा देऊच नये. त्यांच्यासाठी बासा किंवा मरळ उकडून, दोन वेळा बोटांनी चाचपून, कुस्करून, उकडलेल्या बटाट्यात मळून मऊ टिक्की करावी. कितपत मऊ अन्न त्यांना झेपते, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

काटा अडकलाच तर? कोरड्या भाताचा गोळा, भाकरीचा घास, केळे गिळायला लावणे हा उपाय घरोघरी चालतो. तो करू नका. कधी काटा खाली जातो, कधी अधिक खोल रुततो. घशात बोटे घालू नका. थोडे पाणी पिऊन पाहा, आणि टोचणे राहिले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बहुतेक वेळा काटा चिमट्याने काही मिनिटांत निघतो. लाळ गिळता येत नसेल, मान किंवा छाती दुखत असेल, श्वास अडखळत असेल किंवा थुंकीत रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अन्ननलिकेत रुतलेला काटा तिला भोक पाडू शकतो आणि वृद्ध माणसे दोन-दोन दिवस ‘होईल बरे’ म्हणत सोसत बसतात.

आता चुलीकडे वळू. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, अशी तक्रार असते. पाण्यातले काही सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो त्याचाच. अंगणात तो आपल्याला आवडतो, रश्शात नाही. आंबट पदार्थाने हे द्रव्य मोडते. म्हणून चिंच, लिंबू किंवा ताक यांची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे.

चार माणसांसाठी साफ केलेला मासा अर्धा ते पाऊण किलो घ्या. तुकडे धुऊन त्यांना हळद आणि वाटीभर आंबट ताक लावून वीस मिनिटे झाकून ठेवा, शक्यतो फ्रिजमध्ये. मग ताक धुऊन टाका. एक मोठा कांदा आणि दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस भाजून, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, आले आणि कोथिंबीर घालून वाटण करा. दोन मोठे चमचे तेलात ते परतून एक चमचा येसर किंवा घरचा काळा मसाला घाला. तिखट बेताचे. मोठ्या सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, तीन वाट्या पाणी आणि सपाट एक चहाचा चमचा मीठ घालून रस्सा आधी चांगला उकळू द्या. मीठ यापेक्षा वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे आणि एवढा एक चमचा म्हणजे जवळपास तितकेच मीठ, जे येथे चौघांत विभागले जाते. रस्सा उकळल्यावर तुकडे एकेक करून सोडा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ठेवा. चमचा घालून ढवळू नका, तुकडे मोडतात आणि काटे रश्शात पसरतात. पातेले फडक्याने धरून हलकेच फिरवावे. मांस पारदर्शक न राहता पांढरे झाले आणि काट्यापासून अलगद सुटू लागले की झाले. अधिक शिजवला तर मासा चिवट होतो, मग दोष माशाला दिला जातो.

बांगडा तव्यावर करावा. हळद, लसूण, लिंबू आणि थोडे तिखट लावून, तांदळाच्या पिठात हलके घोळवून, दोन चमचे तेलात झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजायचा. कढईभर तेलात तळला तर ज्या लाभासाठी बांगडा आणला तोच बराचसा हरवतो.

यातच दुसऱ्या कारणाचे उत्तर आहे. मासा उष्ण पडतो म्हणून बंद केला, असे म्हणणाऱ्यांना मी आदल्या रविवारची कृती विचारतो. तळणीचे तेल दुसऱ्यांदा वापरलेले, तर्री बोटभर, आणि जेवण रात्री साडेदहाला. छातीत जळजळ होते ती यामुळे. मासा बिचारा फुकट बदनाम होतो. तसेच मासा आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येते, ही समजूत. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीशी निगडित विकार आहे. मासा-दुधाने तो होतो असे आढळलेले नाही. ज्यांना हा मेळ रुचत नाही त्यांनी खाऊ नये, पण कोड असलेल्या मुलीच्या आईला ‘तू काय खाल्ले होतेस’ असे विचारणे आता थांबायला हवे. मृग नक्षत्रावर हैदराबादला दम्यासाठी जिवंत लहान मरळ औषधासह गिळायला देतात आणि आपल्या भागातूनही लोक तिकडे जातात. दम्यावर त्याचा उपयोग होतो असा वैज्ञानिक पुरावा नाही. जाणाऱ्यांना मी अडवत नाही. श्वासातून घ्यायचे औषध मात्र एक दिवसही बंद करू नका, असे बजावतो. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांनी तो प्रयोग अजिबात करू नये.

काही आजारांत हात राखून खावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असून डायलिसिस सुरू नसेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टर ठरवून देतात. माझा वरचा हिशेब त्यांना लागू नाही. डायलिसिसवर असलेल्यांना उलट प्रथिने अधिक लागतात. युरिक ॲसिडमुळे सांधा सुजून लाल झाला असेल त्या दिवसांत तारली, मांदेली, कोळंबी, गाभोळी वर्ज्य करावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जेवणातल्या माशाला घाबरू नये, पण माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सुकी मासळी हा मराठवाड्याचा जुना आधार. जिथे ताजा मासा पोहोचत नव्हता तिथे आठवडी बाजारातून सुकट आणि बोंबील पोहोचले. तिला मी सरसकट नाही म्हणत नाही, कारण थोड्या पैशांत तिच्यातून पुष्कळ प्रथिने मिळतात. मात्र दोन प्रकार ओळखावेत. जवळा आणि बोंबील आपल्या किनाऱ्यावर बहुधा मीठ न लावता उन्हावाऱ्यात वाळवतात. सुका बांगडा, सुरमई खारवलेली असते. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि पायांवर सूज येणाऱ्या हृदयरोग्यांनी खारवलेली मासळी टाळावी. जवळासुद्धा दोन-तीन पाण्यांतून धुऊन, वाळू खाली बसू देऊन, कोरडा भाजून घ्यावा. आणि वरून मीठ घालण्याआधी चाखावा.

राहता राहिला वारांचा प्रश्न. पुष्कळ घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, एकादशी असते, आणि घरातल्या एखाद्या आजींच्या गळ्यात माळ असते. अशा घरांत माशाचे पातेले, सुरी आणि तवा वेगळा ठेवून बुधवार आणि रविवार ठरवून टाकले, तर आजींना त्रास होत नाही आणि आजोबांचे दोन वार चुकत नाहीत. श्रावणात मात्र बहुतेकांकडे महिनाभर मासा बंद असतो आणि पहिल्या आठवड्यातच वृद्धांचे ताट पुन्हा वरण-भातावर येते. तेव्हा दुपारी घट्ट वरणाची मोठी वाटी, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, संध्याकाळी चहाऐवजी वाटीभर दही किंवा पेलाभर दूध, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, अशी भरती करावी. आणि दर रविवारी आजोबांना हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगावे. मागे उभे राहून, धरण्याच्या तयारीत.